छापखान्याने '३०० डीपीआय' मागितले तर? फ्रेममेकरमधील चित्रांविषयी प्रश्नोत्तरे

अडोबी फ्रेममेकर या पाने मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये यंत्रांच्या आणि सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका तयार करणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक वेळा चित्रांपाशी येऊन अडतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात, ते या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या संगणकावर पुस्तिका नीट दिसते. सहकाऱ्याला फाइल पाठवली की चित्रांच्या जागी राखाडी चौकटी येतात. चित्रे फाइलमध्येच पेस्ट करून टाकू का?

नको. चित्र 'इम्पोर्ट बाय रेफरन्स'ने घेतले की फ्रेममेकर फक्त त्याचा पत्ता साठवतो. तुम्ही प्रकरणाची फाइल पाठवली, चित्रांचा फोल्डर मागेच राहिला. पुस्तिकेचा एक फोल्डर ठेवा, चित्रांचा फोल्डर त्याच्या आत ठेवा आणि पाठवताना सगळेच झिप करून पाठवा. फाइल आणि चित्रे एकाच ड्राइव्हवर असली तर पत्ता एकमेकांच्या संदर्भाने नोंदला जातो, त्यामुळे अख्खा फोल्डर हलवला तरी बिघडत नाही. चित्रे नेटवर्कच्या दुसऱ्या ड्राइव्हवर असतील तर मात्र दुवा तुटतो. फाइल उघडताना हरवलेल्या चित्राची विचारणा होते, तेव्हा घाईने दुर्लक्षाचा पर्याय निवडू नका, नवी जागा दाखवा. पेस्ट केलेल्या चित्रांनी फाइल फुगते, मूळ चित्र कोणते होते ते कुणालाच सांगता येत नाही आणि कंपनीचे बोधचिन्ह बदलले की प्रत्येक ठिकाणी हाताने बदलत बसावे लागते.

प्रश्न : जेपीजी चित्र पीएनजीमध्ये बदलले की दर्जा सुधारतो का?

नाही. फाइल लहान करताना जेपीजीने टाकून दिलेले तपशील परत येत नाहीत, फक्त फाइल मोठी होते.

प्रश्न : पुस्तिकेत सॉफ्टवेअरचे स्क्रीनशॉट आहेत. छापखाना म्हणतो, सगळी चित्रे '३०० डीपीआय'ची द्या. फोटोशॉपमध्ये आकडा ३०० केला, तरी छपाई पुसट आली. असे का?

हा आकडा लोक मंत्रासारखा म्हणतात, पण तो कुठून आला हे कुणी सांगत नाही. ऑफसेट छपाईत छायाचित्राचे ठिपके इंचाला साधारण १५० रेषांच्या स्क्रीनने, म्हणजे ठिपक्यांच्या जाळीने, पाडतात. त्याच्या दुप्पट पिक्सेल असले की पुरे, म्हणून ३००. हा नियम छायाचित्रांचा आहे. स्क्रीनशॉटमध्ये जितके पिक्सेल टिपले गेले तितकेच असतात आणि डीपीआय म्हणजे ते कागदावर एका इंचात किती दाटीने मांडायचे एवढेच.

तुमच्याकडे ८०० पिक्सेल रुंदीचे चित्र आहे असे धरा. ९६ डीपीआयला ते सुमारे २१२ मिलिमीटर रुंद होते, म्हणजे ए-४ कागदाच्याही बाहेर जाते. २०० डीपीआयला ते सुमारे १०२ मिलिमीटर होते आणि व्यवस्थित वाचता येते. ३०० ला ६८ मिलिमीटर, मग मेनूमधली अक्षरे वाचायला भिंग लागेल. तिन्ही वेळा पिक्सेल तेच ८००.

आता तुम्ही काय केले असणार ते सांगतो. 'इमेज साइज'च्या खिडकीत 'रीसॅम्पल'ची खूण तशीच ठेवून ९६ चे ३०० केले. रुंदी तीच राहिली, पण ८०० पिक्सेलचे २५०० झाले. वाढलेले पिक्सेल फोटोशॉपने शेजारच्या रंगांची सरासरी काढून भरले. बटणाची कड एक पिक्सेल जाडीची काळी रेघ होती, तिच्या दोन्ही बाजूंना राखाडी झालर आली. ६०० पिक्सेल उंचीच्या चित्रात एकूण पिक्सेल जवळजवळ दहापट झाले आणि दिसायला ते आधीपेक्षा वाईट झाले. छापखान्याच्या तपासणीत आकडा ३०० दिसतो, म्हणून तिथेही कुणी हरकत घेत नाही!

करायचे ते असे. स्क्रीनशॉट पीएनजीमध्ये साठवा आणि चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा आकार बदलूच नका. फ्रेममेकरमध्ये चित्र घेताना तो डीपीआय विचारतो, तिथे आकडा द्या. पुस्तिकाभर एकच आकडा ठेवा, म्हणजे सगळ्या खिडक्यांमधली अक्षरे एका मापाची छापली जातील. १५० ते २०० च्या दरम्यान बहुतेक स्क्रीनशॉट चांगले येतात. कोपरा ओढून चित्र लहानमोठे करण्याची सवय सोडा, आकडा बदलायचा झाला तर 'ऑब्जेक्ट प्रॉपर्टीज'मध्ये बदला. खरोखरच जास्त पिक्सेल हवे असतील तर विंडोजमध्ये डिस्प्ले स्केलिंग २०० टक्के करून स्क्रीनशॉट पुन्हा घ्या. तीच खिडकी दुप्पट पिक्सेलमध्ये रेखाटली जाते आणि हे पिक्सेल खरे असतात. चित्र मोठे करून 'स्पष्ट' करून देणाऱ्या सशुल्क सेवा अक्षरांचे आकार अंदाजाने भरतात. सूचनांच्या पुस्तिकेत अंदाजाला जागा नाही.

छापखान्याला एका पानाची नमुना छपाई मागा आणि समोरासमोर बसून ठरवा. आकड्यावर फोनवर वाद घालून काही निघत नाही.

प्रश्न : वर्डमधली जुनी पुस्तिका फ्रेममेकरमध्ये आणायची आहे. त्यात दोनेकशे चित्रे आहेत आणि मूळ फाइली कुणाकडेच नाहीत.

आधी मूळ फाइली खरोखरच नाहीत का, हे पुन्हा विचारा. 'नाहीत' म्हणजे बहुधा 'शोधल्या नाहीत'. मग वर्डच्या डॉक्स (.docx) फाइलची प्रत करा, प्रतीच्या नावाच्या शेवटचे '.docx' बदलून '.zip' करा आणि ती उघडा. आत 'वर्ड' फोल्डरमध्ये 'मीडिया' नावाचा फोल्डर असतो, त्यात चित्रे वेगवेगळी मिळतात. वर्डमधून एकेक चित्र कॉपी करण्यापेक्षा हे बरे. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फाइल सेव्ह करताना वर्ड स्वतःहून चित्रे २२० पीपीआयपर्यंत (इंचाला २२० पिक्सेल) दाबत आलेला आहे, तेव्हा इथे मिळेल ते मूळच असेल असे नाही. पुढच्या फाइलींसाठी 'ऑप्शन्स'मधल्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन हे दाबणे बंद करा. दुसरे म्हणजे वर्डमध्ये चित्रावर काढलेले बाण आणि चौकटी या फोल्डरमध्ये येत नाहीत. त्या नव्याने काढाव्या लागतील.

प्रश्न : डिझाइन विभागाने पंपाचे रेखाचित्र जेपीजीमध्ये दिले. एक संकेतस्थळ ते फुकटात व्हेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेघांचे चित्र, करून देते. वापरू का?

अजिबात नको. असे रूपांतर काळ्या डागांच्या कडा शोधून त्यांच्या रेघा करते. अंक त्याला कळत नाहीत, तोही एक डागच. आकार बिघडला की ८ चा ३ व्हायला वेळ लागत नाही, आणि तो अंक बोल्ट आवळण्याच्या मापाचा असेल तर काय होईल याचा विचार करा. शिवाय कंपनीचे रेखाचित्र अनोळखी सर्व्हरवर चढवायची परवानगी तुम्हाला कुणी दिली? ते चित्र कॅडमध्ये, म्हणजे यंत्रांची रेखाचित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, तयार झाले आहे. तिथून डीएक्सएफ, सीजीएम किंवा व्हेक्टर पीडीएफ काढायला दोन मिनिटे लागतात, फक्त मागायला हवे. आल्यावर रेघांच्या जाडी तपासा. कॅडमधल्या केसासारख्या रेघा पडद्यावर दिसतात आणि छपाईत गायब होतात. शेवटचे चित्र डिझाइन विभागाकडून लेखी मंजूर करून घ्या.

प्रश्न : मराठी पुस्तिकेतल्या आकृतीवरची नावे दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात.

जुन्या मराठी फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. फॉन्ट नसला की खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. नावे युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, बदला आणि बदलल्यावर मराठी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या, कारण रूपांतरात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा बदलतात. फ्रेममेकरला युनिकोड २००७ पासून, आठव्या आवृत्तीपासून कळते, पण अक्षरे साठवता येणे आणि जोडाक्षर नीट जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या आवृत्तीत 'निर्मिती' आणि 'कोपऱ्यात' हे शब्द टाइप करून पीडीएफ काढा. तिथे ते बरोबर दिसले तरच पुढे चला. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे आकृतीत फक्त क्रमांक ठेवावेत आणि नावे खाली तक्त्यात द्यावीत. मग हिंदी किंवा गुजराती आवृत्ती काढताना आकृतीला हात लावावा लागत नाही.

प्रश्न : फ्रेममेकरमध्ये चित्र स्वच्छ, पीडीएफमध्ये मात्र अक्षरांभोवती मळकट ठिपके. दोष कुणाचा?

पीडीएफच्या सेटिंगचा. 'स्टँडर्ड' सेटिंग २२५ पीपीआयच्या वरची रंगीत चित्रे १५० वर आणते आणि जेपीजी दाब लावते. 'हाय क्वालिटी प्रिंट' निवडा, त्यात १५० च्या जागी ३०० आहे. मग रंगीत चित्रांच्या कॉम्प्रेशनसाठी जेपीजीऐवजी 'झिप' निवडून ती सेटिंग वेगळ्या नावाने साठवा. छापखान्याची स्वतःची सेटिंग असेल तर ती मागून घ्या.

प्रश्न : नव्या आवृत्तीतली फाइल माझ्या जुन्या फ्रेममेकरमध्ये उघडत नाही.

पाठवणाऱ्याला एमआयएफ (फ्रेममेकरची मजकुराच्या रूपातली देवघेवीची फाइल) करून पाठवायला सांगा. नवी वैशिष्ट्ये गळतील, पाने तपासा.

प्रश्न : एक प्रकरण उघडले की फ्रेममेकर बंद पडतो. उद्या सकाळी फाइल छापखान्यात जायची आहे.

मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा. प्रकरण क्षणभर जरी उघडत असेल तर ते एमआयएफ म्हणून सेव्ह करा, ती एमआयएफ उघडा आणि परत फ्रेममेकर फाइल म्हणून सेव्ह करा. आतली बरीच मोडतोड यातच निघून जाते. तरीही बंद पडत असेल तर चित्रांच्या फोल्डरचे नाव तात्पुरते बदलून पाहा. फाइल उघडली तर गुन्हेगार एखादे चित्र आहे. चित्रे थोडीथोडी परत ठेवत गेलात की ते सापडेल. काहीच चालले नाही तर कालचा बॅकअप घ्या आणि छापखान्याला आज रात्रीच फोन करून एक दिवस मागा. हे प्रकरण आठवडाभर कुरकुर करत असणार, तेव्हाच कुणा जाणकाराला दाखवायला हवे होते.