बाळ काचेत, आई दारात

आपल्याकडे दिवस भरण्याआधी मूल जन्मलं की नातेवाइकांना फोनवर एकच वाक्य सांगतात, "बाळ काचेत आहे." ऐकणाऱ्याला सगळं कळतं. पुढचा प्रश्न वजनाचा असतो, त्यापुढचा खर्चाचा. आईची चौकशी होते ती बीपी आणि टाक्यांपुरती.

एका खासगी रुग्णालयाच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, मी आठवड्यातून दोन दिवस आयांशी बोलायला जाते. तिथे एक गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे, की आता ती बोलली जाण्याआधी चेहऱ्यावर दिसते. "मॅडम, मला बाळाजवळ जाववत नाही. माझ्यात काही कमी आहे का?" कुणी हे रडत सांगते, कुणी चिडून. कुणी बाळ घरी गेल्यावर महिन्याभराने सांगते, गुन्हा कबूल करावा तसं. म्हणून स्वातीबद्दल लिहिते आहे. नाव बदललं आहे आणि दोन-तीन घरांतले तपशील एकत्र केले आहेत.

स्वाती शिरूर तालुक्यातली, नवरा रांजणगावच्या एमआयडीसीत. पहिलंच बाळंतपण. एकोणतिसाव्या आठवड्यात बीपी अचानक चढलं आणि त्याच रात्री सिझेरियन करावं लागलं. मुलगी, वजन 1150 ग्रॅम. नऊ दिवसांवर डोहाळजेवण होतं. हिरवी साडी पिको-फॉल होऊन कपाटात पडली होती.

मला बोलावलं सिस्टरनी. "तेरा नंबरच्या बाळाची आई दारापर्यंत येते, चपला काढते आणि परत जाते. दूध मात्र वेळेवर पाठवते."

पहिल्या भेटीत मी चूक केली. अनुभवी माणसाची चूक, म्हणून जास्त लागते. मी तिला धीर दिला. एकोणतीस आठवड्यांची बाळं चांगल्या विभागात बहुतेक वाचतात, तुझ्या मुलीला बाहेरून ऑक्सिजनही कमी लागतो आहे, डॉक्टर समाधानी आहेत, असं सगळं खरं खरं सांगितलं. ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "हो, सगळे असंच म्हणतात." आणि उठली. तिला काय वाटतंय ते मी विचारलंच नव्हतं. सगळं ठीक होईल हे वाक्य बऱ्याचदा सांगणाऱ्याच्या सोयीचं असतं.

दोन दिवसांनी मी काहीच सांगायचं नाही असं ठरवून गेले. ती कॉटवर बसून दूध काढत होती. छोट्या निर्जंतुक डबीत जेमतेम पंधरा मिली जमलं होतं. डबीवर तिने वेळ लिहिली.

"रात्री किती वाजता काढतेस?"

"अकरा, दोन, पाच. मोबाइलवर गजर लावते."

"टाके दुखत नाहीत उठताना?"

"दुखतात."

मी गप्प राहिले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "दूध द्यायला मला काही वाटत नाही. तिला बघायची भीती वाटते. मॅडम, एकदा नीट बघितलं ना, की ती माझी होईल. मग गेली तर माझी मुलगी जाईल. आत्ता गेली तर... एक बाळ गेलं असं होईल."

आजवरच्या कामात काही वाक्यं मी वहीत नाही, अंगात साठवली आहेत. त्यातलं हे एक. सगळं घर तिला दगडाच्या काळजाची समजत होतं. आत्येसासूने तर "आजकालच्या मुलींना माया नसते" असं ऐकवलंही होतं. प्रत्यक्षात ती जन्माच्या दुसऱ्या दिवसापासून मुलीचं सुतक मनात पाळत होती. माया नसती तर एवढं लांब उभं राहायची गरजच पडली नसती.

मी फक्त इतकंच म्हटलं, "दोन वाजता गजर लावून उठतेस ते कुठल्या तरी बाळासाठी उठतेस का?"

ती रडली. तोंडावर पदर धरून, बाजूच्या कॉटवरच्या बाईला ऐकू जाऊ नये असं. त्या दिवशी आम्ही आणखी काही बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती.

माझा कल विनिकॉटकडे आहे, हे लपवत नाही. डोनाल्ड विनिकॉट हा मुळात लंडनचा बालरोगतज्ज्ञ, पुढे मनोविश्लेषक झाला. नुसतं बाळ असं काही नसतंच, बाळ आणि त्याला सांभाळणारं माणूस मिळून एक जोडी असते, असं तो म्हणायचा. एनआयसीयूत हे उलट्या बाजूने दिसतं. तिथे जोडीतलं एक पेटीत असतं, दुसरं तिसऱ्या मजल्यावर, आणि मधे लिफ्ट. अशा वेळी बाईला "माया कर" म्हणण्यात अर्थ नाही. तिच्या हाताला काम द्यावं लागतं. भावना आधी आणि कृती मागून, हा क्रम सुखाच्या बाळंतपणातला. काचेच्या बाळंतपणात तो बऱ्याचदा उलटा चालतो.

म्हणून पहिलं काम ठरवलं ते वेळेचं. बांगड्या, अंगठी काढायची, कोपरापर्यंत हात धुवायचे, आत जायचं आणि पाच मिनिटांत बाहेर यायचं. रडू आलं तरी चालेल, नाही आलं तरी चालेल. पहिल्या दिवशी ती तीन मिनिटं थांबली. बाहेर येऊन म्हणाली, "मशीन वाजलं." आत मॉनिटर सारखे वाजतात, आणि प्रत्येक वेळी आईचा जीव जातो. कित्येकदा पायाला लावलेला सेन्सर सैल झालेला असतो. कधी बाळ खरंच काही सेकंद श्वास घ्यायला विसरतं, कारण मेंदूतली ती यंत्रणा अजून पिकलेली नसते. त्यासाठी औषध म्हणून चक्क कॅफीन देतात, हे ऐकून स्वाती पहिल्यांदा हसली. "म्हणजे ती चहा पिते?"

दुसरं काम हाताचं. इतक्या लहान बाळाला आपण गोंजारतो तसं हलक्या बोटांनी गोंजारू नये. त्याची त्वचा ते सहन करत नाही, ते दचकतं. एक तळवा डोक्याभोवती आणि एक पायांशी, न हलवता, पोटात गर्भाशयाची भिंत असायची तसा ठेवायचा. सिस्टरनी तिचा हात धरून दाखवलं. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा हळूहळू वर गेला आणि तिथेच राहिला. मी काचेबाहेर होते. स्वातीने माझ्याकडे वळून बघितलं नाही, हे मला फार आवडलं.

"ती मला ओळखेल का? तिला तर सिस्टरचाच हात लागतो," हा प्रश्न त्यानंतर आला. तो प्रत्येकीचा असतो. उत्तर असं, की एकोणतिसाव्या आठवड्यात बाळाला ऐकू येत असतं, आणि पोटात असताना सगळ्यांत जास्त ऐकलेला आवाज आईचाच असतो. तेव्हा बोला. काय बोलावं सुचत नसेल तर आज डब्यात काय आलं ते सांगा. एका आईने महिनाभर पाढे म्हटले.

आता सासूबाईंबद्दल, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही. साठीच्या, नऊवारी नेसणाऱ्या, दिवसभर बाहेरच्या बाकावर. "सातव्यातलं वाचतं, आठव्यातलं वाचत नाही. देवानं वेळेत पाठवली," असं त्या भेटेल त्याला सांगायच्या. हा समज साफ खोटा आहे. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो, आठव्या महिन्यातल्या बाळाची स्थिती सातव्यातल्यापेक्षा चांगलीच असते. पण मी त्यांना दुरुस्त केलं नाही. त्या समजावर त्या उभ्या होत्या. शेजारच्या बाकावर तेहेतीस आठवड्यांच्या बाळाची आजी हे ऐकून पांढरी पडली, तिला मात्र मी बाजूला नेऊन नीट समजावलं. खरं सांगायची वेळ आणि माणूस निवडावा लागतो. हे शिकायला मला वीस वर्षं लागली.

एक दिवस त्यांनीच मला गाठलं. "बाई, पाचवी पुजली नाही. पाचव्या रात्री सटवाई येते, कपाळावर लिहून जाते. घरी पाटा मांडला असता, कोरी वही, लेखणी ठेवली असती. इथला पत्ता तिला कसा कळायचा?" पिशवीत खरंच कोरी वही आणि पेन होतं. तान्ह्या जिवापाशी नेता येणार नाही म्हणून तसंच राहिलेलं.

मी त्यांना विचारून ती वही स्वातीला दिली. रोज चार ओळी लिही म्हटलं. वजन, दूध किती, आज काय बघितलं, डॉक्टरांना काय विचारायचं आहे. त्यामागे माझा हिशेब होता. एनआयसीयूत वेळ सपाट होतो, दिवस एकमेकांत मिसळतात. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन कमी होतं, ते तसं होतंच, पण आईला वाटतं सगळं संपलं. लिहिलेलं असलं की दोन आठवड्यांनी मागे वळून बघता येतं. आणि डॉक्टर राउंडला येतात तेव्हा प्रश्न आठवत नाहीत, ते गेल्यावर आठवतात.

वहीतल्या पहिल्या पानावर फक्त "1090" होतं. अकराव्या दिवशी: "1140. नळीतून आठ मिली. जांभई दिली." पंधराव्या दिवशी तिने पहिल्यांदा "बाळ" ऐवजी "ठमी" लिहिलं होतं. मी काही म्हटलं नाही.

मग छातीशी धरणं सुरू झालं. आपल्याकडे त्याला कांगारू पद्धत म्हणतात. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर अपुरे पडले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आता जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, की कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर लवकरात लवकर असं धरावं, दिवसाचे आठ तास आणि जमेल तितकं अधिक. हा गरिबांचा तात्पुरता उपाय नाही, औषध आहे. तुमच्या विभागात कुणी सुचवलं नाही तर तुम्ही विचारा. बाबाही धरू शकतात. स्वातीचा नवरा तोवर बिलिंगचा काउंटर आणि मेडिकल यांच्यामध्ये धावत होता, रडायला सवड नव्हती. शर्टाची बटणं काढून तो खुर्चीत बसला आणि अर्ध्या तासाने उठायला तयार होईना.

असंच काचेबाहेर बसलेल्यांना दोन-चार गोष्टी सांगते. दूध पहिल्याच दिवसापासून, चोवीस तासांत सात-आठ वेळा काढा, रात्रीची वेळ सोडू नका. आलंच नाही तर स्वतःला दोष देऊ नका, दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध देणाऱ्या मातृदुग्ध पेढ्या आहेत. मुंबईच्या सायन रुग्णालयात तर ती 1989 पासून आहे. नातेवाइकांना रोजची खबर देण्याचं काम घरातल्या एकाच माणसावर सोपवा, आईच्या फोनवर ते नको. खर्च झेपणार नसेल तर लाजू नका. सरकारी रुग्णालयात नवजात बाळाचे उपचार मोफत असतात आणि राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्याचं, टेबल असतं, तिथे पहिल्याच दिवशी विचारा. बाळ तीस दिवसांचं व्हायच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घेणं विसरू नका. घरी गेल्यावर ते कधी पालथं पडलं, कधी बसलं हे जन्मतारखेपासून मोजू नका, डॉक्टरांनी बाळंतपणाची दिलेल्या तारखेपासून मोजा. नाहीतर शेजारच्या मुलाशी तुलना करून वर्षभर उगाच झुरता.

आणि "माझं काय चुकलं" याबद्दल. स्वातीला वाटत होतं, आपण गाडीवरून फिरलो म्हणून झालं. डॉक्टरांनी तीनदा सांगूनही पटेना. अपराधीपणात एक विचित्र आधार असतो. माझ्यामुळे झालं म्हणजे निदान काहीतरी माझ्या हातात होतं. तो आधार कुणी हिसकावून घेऊ नये, तो आपोआप सुटतो, हातात दुसरं काही आल्यावर. मात्र बाळ ठीक असूनही दोन आठवडे झोप लागत नसेल, सगळं नकोसं वाटत असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर ती नेहमीची काळजी नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा.

बावन्नाव्या दिवशी घरी सोडलं. वजन 1920. स्वाती पुन्हा दारात अडली, या वेळी आतल्या बाजूने. "मॅडम, घरी मॉनिटर नाही." आदल्या दोन रात्री सिस्टरनी मुद्दाम मॉनिटर काढून तिच्याजवळच बाळ ठेवलं होतं, त्याची आठवण करून दिली. आता आम्ही हे प्रत्येकीसाठी करतो. सुचवलं मी होतं, हे सांगायचा मोह आवरत नाही.

सासूबाईंनी ठमीला पहिल्यांदा कुशीत घेतलं, बराच वेळ कपाळ बघितलं. मग मला विचारलं, "आता पाचवी पुजली तर चालेल का?"

याचं उत्तर विनिकॉटकडे नाही. मी म्हटलं, चालेल की, पण वही तर भरत आली.

त्यांनी स्वातीच्या हातातून वही घेतली, शेवटपासून पानं उलटली. "चार आहेत कोरी," म्हणाल्या.