जर्मनीला एकट्यानं निघताना : वाचकांचे प्रश्न

ऑक्टोबरच्या सत्रासाठी जर्मनीला मास्टर्सला निघालेल्या मुलामुलींची आणि त्यांच्या आईवडिलांची पत्रं या खेपेला सर्वांत जास्त आहेत. एपीएस (पदवीच्या कागदांची जर्मनीसाठीची पडताळणी) आणि प्रवेशपत्राचा टप्पा बहुतेकांनी ओलांडलाय. अडतं ते त्याच्या पुढे, म्हणून उत्तरंही तिथूनच सुरू करतो.

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरले आहेत. फॉरेक्स कार्डावर वरखर्चाला ५०० युरो पुरतील का? — पुणे

पुरणार नाहीत. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवतात त्या खात्यातून, महिन्याला फक्त ९९२ युरो सुटतात, आणि तेही तिथलं चालू खातं उघडून झाल्यावर. खात्यासाठी बहुतेक बँका राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागतात, नोंदणीसाठी घर लागतं आणि घरासाठी डिपॉझिट. म्हणजे सर्वांत मोठा खर्च आधी आणि पैसे नंतर. ही साखळी पुरी व्हायला चार ते सहा आठवडे जातात असं धरून चाला.

खोलीचं भाडं ४५० युरो समजा. डिपॉझिट कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या 'काल्टमिटं'एवढं घेता येतं. काल्टमिटं म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरायच्या आधीचं मूळ भाडं. हे डिपॉझिट तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे, पण शेअरिंगच्या घरात बहुधा एकरकमीच मागतात. त्यात पहिलं भाडं, १४०-१५० युरोंच्या आसपासचा विद्यार्थी आरोग्यविमा, गादी-रजई-भांडी आणि खोली मिळेपर्यंतचं हॉस्टेल. दोन ते अडीच हजार युरो हाताशी हवेत.

आणखी एक अडचण आहे, ती तिथे पोचल्यावरच कळते. घरमालकाला पैसे 'आयबान' या तिथल्या खातेक्रमांकावर बँकेतून हवे असतात आणि फॉरेक्स कार्डावरून तसे पाठवता येत नाहीत. एटीएममधून काढावे तर रोजची मर्यादा आडवी येते. त्यामुळे करारावर सही झाली की घरच्यांनी भारतातल्या बँकेतून थेट मालकाच्या खात्यात पाठवणं सोपं. निघण्यापूर्वी आईवडिलांपैकी एकाच्या नेटबँकिंगवर परदेशी रेमिटन्स चालू करून, एक छोटी रक्कम पाठवून पाहा. मालक रोखच मागत असेल तर सहीची पावती घेतल्याशिवाय देऊ नका.

टीसीएसबद्दल (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापते तो कर) थोडक्यात: एका आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या रकमेवरही नाही. कापला गेलाच तर ज्याच्या पॅनवरून पैसे गेले त्याच्या विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो. वडिलांनी पाठवले असतील तर वडिलांच्या, मुलाच्या नाही.

मार्कशीटवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव आहे. पासपोर्टवर आईचं नाव नाही. काही बिघडेल का? — कोल्हापूर

हा खास आपल्याकडचा घोळ. जर्मन कारकुनाला नावाचे दोनच भाग माहीत: दिलेलं नाव आणि कुळाचं नाव. पासपोर्टच्या 'गिव्हन नेम' रकान्यात तुमचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतील, तर जर्मनीत ती दोन्ही तुमचीच ठरतात. विमाकार्डावर, बँकेच्या कार्डावर तसंच छापून येईल. त्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते एका अर्जात वडिलांचं नाव लिहिलं आणि दुसऱ्यात गाळलं की. ब्लॉक्ड अकाउंट, विमा, विमानाचं तिकीट, व्हिसा, सगळीकडे पासपोर्टवरची अक्षरं जशीच्या तशी घाला.

मार्कशीटसाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरी करून तीन प्रतींत सोबत ठेवा. शेवटचा शब्द आडनाव समजून आईचं नावच आडनावात टाकलं गेलं, तर ते दाखवता येतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असेल तर मात्र व्हिसाच्या अर्जाआधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. नंतर तो धागा सोडवताना नाकी नऊ येतात.

दोन खोल्या बघितल्या आहेत. एक स्वस्त आहे, पण मालक म्हणतो नोंदणी करता येणार नाही. दुसरीचा मालक परदेशात आहे, डिपॉझिट पाठवलं की किल्ली कुरिअर करणार. कुठली घेऊ? — नाशिक

दोन्ही सोडा. दुसरी तर सरळ फसवणूक आहे. फोटो सुंदर, भाडं बाजारापेक्षा कमी, मालक नेमका दुसऱ्या देशात. ठरलेला साचा आहे. खोली कुणीतरी प्रत्यक्ष किंवा निदान व्हिडिओ कॉलवर, दारापासून खिडकीपर्यंत, पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही.

पहिलीतला धोका कमी दिसतो, पण तीच जास्त मुलांना गोत्यात आणते. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात नाव नोंदवणं, म्हणजे 'आनमेल्डुंग', कायद्यानं बंधनकारक आहे. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' नावाचा फॉर्म लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही. नोंदणी नसेल तर करक्रमांक येत नाही, बहुतेक बँकांत खातं रखडतं, आणि परदेशी नागरिक कार्यालयात राहण्याचा परवाना मागताना पहिलाच कागद कमी पडतो. शंभर युरो वाचवून हे विकत घेऊ नका.

नगर कार्यालयाची भेटीची वेळ मोठ्या शहरांत दोन आठवड्यांत मिळतेच असं नाही. वेळ घेतल्याचा ईमेल जपून ठेवा. उशीर तुमच्यामुळे झाला नाही हे त्यावरून दिसतं. विद्यार्थी वसतिगृहासाठी 'श्टुडीरेंडनवेर्क'कडे (वसतिगृहं चालवणारी संस्था) अर्ज प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी करा. म्युनिकमध्ये एक-दोन सत्रं थांबावं लागू शकतं, आणि बाहेर शेअरिंगमधल्या खोलीला तिथे ७००-८०० युरो पडतात. लाइपझिगसारख्या शहरात साधारण निम्म्यात भागतं. शहर निवडताना मुलं विद्यापीठाचं रँकिंग तासन्तास बघतात आणि भाडं शेवटी, हे आम्हाला उलटं वाटतं.

किल्ली मिळाली की पहिलं काम: बेलवर आणि टपालपेटीवर आपलं आडनाव लावा. तिथे पत्त्यात फ्लॅट नंबर लिहायची पद्धत फारशी नाही, पोस्टमन नाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर करक्रमांक, बँकेचा पिन, विमाकार्ड सगळं 'व्यक्ती सापडली नाही' म्हणून परत जातं आणि तुम्ही महिनाभर वाट बघत बसता. कागदावर नाव लिहून सेलोटेपनं चिकटवलंत तरी चालतं.

मुलगी पहिल्यांदाच एकटी जातेय. घरचं तूप, कंदी पेढे आणि कुकर द्यावा म्हणते. — सातारा

कुकर द्या, तूप आणि पेढे देऊ नका. युरोपियन युनियनच्या बाहेरून प्रवाशाच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. खवा, बर्फी, श्रीखंडवडी, चक्का, कशालाच सूट नाही. कस्टम्सनं पकडलं तर ते फेकून देतात, दंडही होऊ शकतो. ताजा कढीपत्ता आणि हापूससुद्धा प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. नारळ मात्र चालतो, पण वजन बघता तो तिकडेच घेतलेला बरा.

तुपाची काळजी करू नका. तिथलं बिनमिठाचं लोणी २५० ग्रॅमच्या वडीत मिळतं. मंद आचेवर कढवलं तर २०० ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. तांदूळ, डाळी, आटा इंडियन दुकानात असतात, त्यांवर किलो घालवू नका. (सुपरमार्केटातलं '४०५' छापलेलं पीठ जवळपास मैदा आहे, पोळ्या वातड होतात.) जागा द्यावी ती गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं, हिंग आणि सुकवलेला कढीपत्ता यांना. मसाला दुहेरी पिशवीत बांधा.

कुकर तीन लिटरचा, स्टीलचा, इंडक्शनचा तळ असलेला. ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. सोबत दोन रबरी रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह द्या, आपल्या मापाच्या तिथे दुकानात मिळत नाहीत. शेगडी काचेची विजेची असेल तर बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, म्हणून शेवटच्या शिट्टीआधीच बटण बंद करून कुकर बाजूला सरकवायचा. आणि फोडणी खिडकी उघडून, झाकण हाताशी ठेवून. वसतिगृहातल्या धुराच्या अलार्मनं अग्निशमनची गाडी आली तर बिल येऊ शकतं.

मिक्सर नेला तरी वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची. फक्त आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, अडॅप्टर लागतो. औषधं तीन महिन्यांपुरती, इंग्रजी प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव लिहून घेऊन. संपल्यावर कुरिअरनं पाठवू असं ठरवू नका, औषधांचं पार्सल कस्टम्समध्ये अडतं.

पोचून महिना झाला. टीव्ही-रेडिओच्या फीचं पत्र आलंय. माझ्याकडे टीव्हीच नाही. — ड्रेस्डेनहून

टीव्ही असो-नसो, ही फी घरामागे आहे: महिना १८.३६ युरो. शेअरिंगच्या घरात एकानं भरली की पुरे. जो भरतो त्याचा फी-क्रमांक लिहून पत्राला उत्तर द्या. वसतिगृहात सामायिक, सर्वांना खुल्या कॉरिडॉरवर दार उघडणारी खोली मात्र स्वतंत्र घर धरली जाते. पत्राकडे दुर्लक्ष केलंत तर बाकी मागच्या तारखेपासून लागते.

भारतातलं बचत खातं तसंच चालू ठेवलं तर? — ठाणे

शिकायला गेलेला विद्यार्थीही फेमाखाली (परकीय चलनाचा कायदा) अनिवासी धरला जातो, म्हणून ते एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. निघण्याआधी शाखेत जाऊन फॉर्म विचारून ठेवा. भारतीय सिम रोमिंगसह चालू ठेवा; ओटीपी त्यावरच येतात आणि रिचार्ज विसरला की नंबर जातो. शैक्षणिक कर्ज असेल तर आई किंवा वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र इथेच नोटरी करा. तेच काम नंतर भारतीय वकिलातीतून करायचं तर वेळ घेऊन दुसऱ्या शहरात जावं लागू शकतं.