आधी दुसऱ्याचं वाचा, मग आपलं टाका

प्रश्न : मी सांगलीला राहते, वय ५२. शाळेत असताना लिहायचे, मग संसारात ते मागे पडलं. आता वहीत पुन्हा लिहायला लागले आहे. मुलगा म्हणतो, मराठी संकेतस्थळावर टाक, तिथे लोक वाचतात. दोन ठिकाणी डोकावून आले. एका कवितेखाली ढीगभर प्रतिसाद, त्यातली निम्मी भांडणं. मध्येच ‘पुभाप्र’, ‘प्रकाटाआ’ असलं काहीतरी. मला झेपेल का हे? आणि त्यातून आपल्यात काही फरक पडतो, की नुसताच वेळ जातो?

उत्तर : ताई, आधी त्या लघुरूपांचं उरकते. पुभाप्र म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत. प्रकाटाआ म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे, तो बहुतेक वेळा रागाच्या भरात लिहिलेला असतो. पुलेशु म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. या तिसऱ्याचं फार मनावर घेऊ नका, लेख न वाचताही ते लिहिता येतं.

वेळ जातो. भरपूर जातो. भाजी करपते, मालिका बुडते (हे नुकसान मी धरत नाही).

मी डोंबिवलीत राहते, बँकेत कॅशिअर होते. अशा मंडळींत शिरले तेव्हा घरच्या संगणकावर विंडोज एक्सपी होतं आणि देवनागरी नीट दिसावी म्हणून त्याची सीडी शोधून काढावी लागली होती, नाहीतर पानभर ठोकळे. मायबोली हे संकेतस्थळ तेव्हा जुनं झालं होतं. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी ते १९९६च्या गणेश चतुर्थीला सुरू केली. पुढे २००७ साली मिसळपाव आलं, २०११ साली ऐसी अक्षरे. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. कुठे पाककृती आणि प्रवासवर्णनं जोरात, कुठे वादाची खुमखुमी. आठवडाभर नुसतं वाचा, आपलं कुठे जमेल ते कळतं.

माझं माहेर राजापूरकडचं. पहिला लेख मी राजापूरच्या गंगेवर लिहिला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : तिथे चौदा कुंडं आहेत, एरवी कोरडी. साधारण दर तीन वर्षांनी त्यांत अचानक पाणी येतं, काही काळ राहतं आणि आलं तसं निघून जातं. गंगा आली की पंचक्रोशी लोटते. मी लेखात गर्दी लिहिली, आईची लगबग लिहिली, भारावून जाणं लिहिलं. पहिले दोन प्रतिसाद ‘छान’ आणि ‘मस्त’. तिसऱ्या माणसाने विचारलं, कुंडं केवढी असतात? माणूस उतरतो की तांब्याने पाणी घेतो? मूळ गंगा आणि काशीकुंड या दोन कुंडांत किती अंतर? मी आयुष्यभर पाहिलेली जागा, आणि या परक्या माणसाला तिथे उभं राहता येत नव्हतं. उत्तरं लिहिता लिहिता माझा लेखाइतकाच मोठा प्रतिसाद झाला, आणि तोच लोकांना जास्त आवडला.

मग एका भूगर्भशास्त्राच्या जाणकाराने वक्रनलिकेची कल्पना समजावली. खडकाच्या पोटातल्या पोकळीत पाणी साठत राहतं, वळणाची उंची ओलांडली की एकदम वाहू लागतं आणि पोकळी रिकामी होईपर्यंत थांबत नाही. ‘हा अंदाज आहे’ असंही त्याने लिहिलं, ते मला फार आवडलं. खाली परदेशातल्या एका बाईंनी आजीने गंगेचं पाणी बाटलीत भरून मुंबईला कसं नेलं होतं ते सांगितलं. माझा लेख बाजूला राहिला आणि खाली त्याच्यापेक्षा चांगलं काहीतरी जमलं. वहीत हे होत नाही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. फरक पडतो, पण आपलं लेखन टाकून फारसा पडत नाही. दुसऱ्याच्या लेखनावर प्रतिसाद लिहून पडतो. हे माझं ठाम मत आहे आणि त्यावरून मी बरेच वाद घातले आहेत. म्हणून सुचवते, सुरुवातीचे काही महिने स्वतःचं काही टाकूच नका. फक्त प्रतिसाद लिहा, आणि ‘छान’ हा शब्द स्वतःला बंद करा. नेमकं काय आवडलं ते सांगा, कुठलं वाक्य, कुठला परिच्छेद. एखादा प्रश्न विचारा. हे वाटतं त्यापेक्षा कठीण आहे. का आवडलं ते सांगायचं तर लिहिणाऱ्याने ते कसं केलं हे शोधावं लागतं, आणि त्यासाठी लेख दोनदा वाचावा लागतो.

एकाने बहिणीच्या लग्नावर लिहिलं होतं. मी लिहिलं की आचाऱ्याच्या हिशेबाच्या चिठ्ठीचा भाग डोक्यातून जात नाही, पण त्याच्या आधीचे दोन परिच्छेद मी ओलांडून गेले. त्या भल्या माणसाने राग न धरता ते काढून टाकले. तेव्हापासून मला माझ्याही लेखातले पहिले दोन परिच्छेद दिसू लागले. बहुतेकदा ते घसा साफ करण्यासाठीच असतात.

पुढे संकेतस्थळाच्या दिवाळी अंकाच्या मुद्रितशोधनात मदत केली. त्यात मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम, १९६२चे चौदा आणि १९७२ला जोडलेले चार, समोर ठेवून बसायची सवय लागली. तुमच्याही लेखाखाली कुणीतरी ऱ्हस्व-दीर्घ काढत बसेल. त्याच्यावर चिडू नका. निदान त्याने प्रत्येक शब्द वाचला आहे.

भांडणांचं म्हणाल तर ती असतात. कंपू असतात, एकाच माणसाचे दोन आयडी असतात आणि ते एकमेकांना दाद देतात. माझा नियम एकच, रात्री अकरानंतर प्रतिसाद द्यायचा नाही. सकाळी त्यातले निम्मे वाद उत्तर द्यायच्या लायकीचे उरत नाहीत. काऊंटरमागे आयुष्य काढलेल्या बाईला सगळ्यांना तिथल्या तिथे उत्तर द्यायची खोड असते, ती इथे सुटली. नंतर गटगला, म्हणजे सगळ्यांच्या भेटीला गेले, तर धाग्यावर, म्हणजे लेखाखालच्या चर्चेत, एकमेकांची सालं काढणारे दोघे एकाच ताटलीतली भजी खात होते.

आणखी एक, जे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. बँकेत मी मॅडम, घरी वहिनी, काकू, आई. तिथे कॉलेजातली मुलगी मला ‘अगं, तुझं हे पटलं नाही’ म्हणायची. पहिल्यांदा खटकलं. नंतर त्याचीच वाट पाहू लागले, कारण माझं म्हणणं वयाचा किंवा नात्याचा मान ठेवून कुणी ऐकून घेत नव्हतं, ते खरं असलं तर टिकायचं, नाहीतर नाही. तुम्हालाही आधी खटकेल.

प्रश्न : माझा एक लेख व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे, माझ्या नावाशिवाय. एका गटात तर खाली पु. लं.चं नाव होतं! काही करता येतं का? (लातूर)

उत्तर : पु. लं.च्या नावावर फिरणाऱ्या परक्या मजकुरांत तुमची भर पडली, अभिनंदन करावं की सांत्वन, कळत नाही. कायदा तुमच्या बाजूने आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लिहिल्याबरोबर मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं टिकतो. कलम ५७ लेखकाला ‘हे माझं आहे’ म्हणण्याचा वेगळा अधिकार देतं. पण फॉरवर्ड करणाऱ्या हजार मावश्यांवर दावा कोण लावणार? व्यवहारात एवढंच करा : मूळ लेखाचा दुवा आणि तारीख हाताशी ठेवा, गटात दिसला की शांतपणे दुवा टाका. लेखाच्या पोटात, मधल्या एखाद्या वाक्यात, आपलं गाव किंवा नाव गुंफा. खालचं नाव कापलं जातं, मधलं कापायला वाचावं लागतं.

प्रश्न : तीन वर्षं एका संकेतस्थळावर लिहितो आहे. आता तिथली गर्दी ओसरली. सगळं उचलून फेसबुकवर जाऊ का? (नाशिक)

उत्तर : जा हवं तर, पण मूळ प्रत स्वतःकडे ठेवून जा. जिओसिटीज २००९ साली बंद झालं, ऑर्कुट २०१४ साली, गूगल प्लस २०१९ साली, याहू ग्रुप्स २०२० साली. यांतल्या प्रत्येकावर कुणी ना कुणी मराठीत लिहीत होतं. फेसबुकवर वाचक पटकन मिळतात, पण परवाचा लेख आज शोधायला गेलात तर दमछाक होते. जुन्या धाग्यावर पाच वर्षांनी नवा माणूस येऊन प्रश्न विचारतो, तसं तिथे क्वचित घडतं. म्हणून मी तरी दोन्हीकडे पाय ठेवीन. लेख उतरवून घ्याल तेव्हा खालचे प्रतिसादही उतरवा. नुसता लेख ठेवलात तर निम्मा ऐवज तिथेच राहील.