शेतातून हाय टेन्शन लाइन न्यायला शेतकऱ्याची संमती लागते का?

तुमच्या शेतात मोजणीवाले खुंट्या ठोकून गेलेत आणि सही न देता काम थांबवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक वेळा नाही थांबत. आमच्या उसातून 220 केव्हीची लाइन गेली तेव्हा वडीलही म्हणाले होते, "आपल्या सहीशिवाय कोण हात लावतंय!" पुढे जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आला आणि पोलीस बंदोबस्तात पाया खोदला गेला.

कारण असं. विद्युत कायदा 2003 च्या कलम 68 खाली लाइनला सरकारची पूर्वमंजुरी लागते. कलम 164 खाली सरकार लाइन टाकणाऱ्या कंपनीला 1885 च्या तार (टेलिग्राफ) कायद्यातले अधिकार देऊ शकतं. त्यात जमीन संपादित होत नाही, सातबारा तुमच्याच नावावर राहतो, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. म्हणून संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2016 मध्ये सांगितलंय. तार कायदा आता जुना झाला, पण पारेषण लाइनींपुरता त्यातला हा भाग चालू ठेवलाय.

तेव्हा आधी कलम 164 च्या आदेशाची प्रत लेखी मागा. तो आदेशच नसेल तर गोष्ट वेगळी: मग विद्युत कायद्याखालचे 2006 चे नियम लागतात. त्यात मालकाची संमती हवी, हरकत घेतली तर जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी.

आता पैशाचं. गावात सगळे टॉवरवरून भांडतात, तारेखालच्या पट्ट्याकडे कोणी बघत नाही. केंद्राच्या जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत (66 केव्ही आणि वरच्या लाइनींसाठी) टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि पट्ट्याला 30 टक्के आहेत. 2015 मध्ये हेच 85 आणि जास्तीत जास्त 15 होते. समजा टॉवरच्या पायांमधलं अंतर 9 मीटर आहे. चारही बाजूंनी एकेक मीटर धरून 121 चौरस मीटर होतात, म्हणजे 242 चौरस मीटरची किंमत. 220 केव्हीचा पट्टा 35 मीटर रुंद असतो. तुमच्या गटातून तार नुसती 100 मीटर गेली तरी 3,500 चौरस मीटर, त्याचे 30 टक्के 1,050. मोठी रक्कम कुठे आहे ते बघा! राज्याचा स्वतःचा शासन निर्णय असेल तर दर त्यातले, म्हणून तहसीलमधून ताजा निर्णय काढून घ्या.

पीक आणि झाडांची भरपाई याहून वेगळी. पाया, टॉवर उभारणी आणि तार ओढणं, तिन्ही वेळा पीक तुडवलं जातं, म्हणून पंचनामेही तीन हवेत. झाडं तोडायच्या आधी मोजून फोटो काढा. तारेखाली पुन्हा आंबा लावू देणार नाहीत. कोऱ्या पंचनाम्यावर सही नको. रक्कम पटली नाही तर तार कायद्याच्या कलम 16 खाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो.

आमचा तार ओढतानाचा पंचनामा राहून गेला. ऊस तेव्हा कांडीवर होता. त्याचा एक रुपया अजून मिळालेला नाही.