'नास्तिक' नक्की कोणाला म्हणायचं?

डिचोलीच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय : कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत 'नास्तिकता : समाजातील एक वादग्रस्त विषय' असा विषय आलाय. 'नास्तिकता' म्हणावं की 'नास्तिक्य'? 'वादग्रस्त' हा शब्द इथे बसतो का? शिवाय घरी आजी म्हणते, "स्टेजवर चढून तो शब्द कशाला उच्चारायचा!" तर त्या शब्दातच काही वाईट आहे का?

आधी व्याकरण उरकून टाकतो. दोन्ही रूपं चालतात. 'आस्तिक्य' गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे, 'नास्तिक्य' त्याच साच्यातलं. 'नास्तिकता' हे 'ता' लावून केलेलं, तेही शुद्ध. बोलताना आपण 'नास्तिकपणा' म्हणतो आणि भाषणात मी तरी तेच वापरीन.

आजीचा आक्षेप मात्र सहज मोडीत काढण्यासारखा नाही. पाणिनीचं एक सूत्र आहे : 'अस्तिनास्तिदिष्टं मतिः' (४.४.६०). 'आहे' अशी ज्याची मती तो आस्तिक, 'नाही' अशी ज्याची मती तो नास्तिक आणि सगळं दैवाधीन मानणारा तो दैष्टिक. (हा तिसरा शब्द मराठीत टिकला नाही, तशी माणसं मात्र मुबलक टिकली.) आता गंमत बघ, काय आहे आणि काय नाही ते सूत्रात सांगितलेलंच नाही. टीकाकारांनी त्या मोकळ्या जागी परलोक बसवला. मनुस्मृतीने 'नास्तिको वेदनिन्दकः' म्हणून तिथे वेद आणले. देव या शब्दात शिरला तो बराच नंतर.

म्हणून जुन्या दर्शनांची वाटणी आज वाचताना चक्रावायला होतं. चार्वाक, बौद्ध, जैन हे नास्तिक, कारण वेदांचं प्रामाण्य त्यांना मान्य नाही. पण ईश्वरावाचून सृष्टीची उपपत्ती लावणारे सांख्य आस्तिकांच्या पंगतीत. यज्ञयाग काटेकोर सांगणारे, तरी जगाला कुणी कर्ता ईश्वर लागतोच असं न मानणारे मीमांसकही त्याच पंगतीत! म्हणजे देव न मानता आस्तिक राहण्याची सोय आपल्याकडे होती, वेद तेवढे नाकारायचे नाहीत.

या मापाने मोजलं तर आपल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी (जन्म १८७६) सरळ नास्तिक ठरतात, कारण त्यांनी बुद्धाचा मार्ग धरला. त्यांचे चिरंजीव दामोदर मार्क्सवादी, म्हणजे आजच्या अर्थानेही त्यांना तो शब्द लागू पडावा. पण गोव्यात कुणी या बापलेकांच्या नावामागे 'नास्तिक' लावलेलं ऐकलंयस? सरकार दामोदर कोसंबींच्या नावाने विचार महोत्सव भरवतं आणि लोक कला अकादमीत जाऊन मुकाट्याने ऐकतात. मोठ्या माणसाला आपण 'विचारवंत' म्हणतो. 'नास्तिक' हा शब्द शेजाऱ्यासाठी राखून ठेवलेला असतो, आजीला खटकतं ते हेच. हा शब्द बहुतेक वेळा दुसऱ्याने चिकटवलेला असतो आणि वेदनिंदकाचा जुना वास त्याला अजून येतो.

आमच्या वाड्यावर एक निवृत्त मास्तर आहेत. चवथीला आरती सुरू झाली की ते बाहेर सोप्यावर जाऊन बसतात. पण माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट) बांधायची तर त्यांनीच. आंबाडे, कवंडळं, सुपारीचे घोस कुठल्या डोंगरावर मिळतात ते त्यांना पाठ, आणि माटोळीची एक काठी तिरकी गेली तर सगळी सोडून परत बांधतात. शेजारच्या वहिनींना मी मुद्दाम विचारलं, "मास्तर नास्तिक ना?" त्या जवळजवळ रागावल्याच : "नास्तिक? ना, तशे न्हय ते. ते देव मानिनात, इतलेंच." कोशात या दोन्हींचा अर्थ एकच निघेल, वहिनींच्या लेखी एक गाळी आणि दुसरी नुसती माहिती. मास्तर स्वतः काही दिलं-घेतलं की 'देव बरें करूं' म्हणतात. आभार मानायला कोकणीत तोच शब्द रुळलेला, त्याला ते तरी काय करणार?

मतच सांगायचं असेल तर 'निरीश्वरवादी' हा नेमका शब्द. 'देव आहे की नाही हे कळू शकत नाही' म्हणणारा अज्ञेयवादी. बुद्धीला पटेल तेच घेणारा तो बुद्धिप्रामाण्यवादी, आगरकरांच्या परंपरेतला. पण 'निधर्मी' या अर्थी वापरू नकोस. मराठीत तो राज्याला लागतो. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आलं, १९११ मध्ये चर्च आणि सरकार वेगळं करणारा कायदा झाला, तेव्हा राज्य निधर्मी झालं. तिथली माणसं काही रातोरात देव सोडून बसली नाहीत.

धर्म नसणं आणि देव न मानणं यांची गल्लत किती होते याचं चांगलं उदाहरण कोर्टातलं आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने (ज्याचं खंडपीठ आपल्या पर्वरीला आहे) निकाल दिला की सरकारी कागदावर धर्म लिहायची सक्ती करता येत नाही, 'मला धर्म नाही' असं म्हणायचा हक्क घटनेच्या कलम २५ मध्ये आहे. हा नास्तिकांचा विजय म्हणून पुष्कळ मिरवला गेला. पण अर्जदार येशू ख्रिस्ताला मानणारे होते! त्यांना देव हवा होता, धर्माचा शिक्का तेवढा नको होता.

राहिला 'वादग्रस्त'. ग्रस्त म्हणजे गिळलेला, ग्रासलेला : पूरग्रस्त, कर्जग्रस्त. वादग्रस्त जमीन म्हणजे वादात अडकून जिचं काही होत नाही अशी. ज्या मतावर दोन-अडीच हजार वर्षं चर्चा चाललीय त्याला 'विवाद्य' म्हणावं, किंवा साधं 'वादाचा विषय'. आणि खरंच वाद कुठे होतो तेही भाषणात सांग. 'देव नाही' म्हटल्याने गोव्यात कुणी अंगावर धावून आल्याचं मी पाहिलेलं नाही. आईचे दिवस करणार नाही, किंवा देवळात मान घ्यायला उभा राहणार नाही म्हटलं की घर पेटतं. ख्रिश्चन घरात हेच मिसाक (चर्चमधल्या प्रार्थनेला) न जाण्यावरून होतं. तिथे 'नास्तिक' किंवा 'निरीश्वरवादी' कुणी म्हणत नाही, 'लोक काय म्हणतील' एवढंच म्हणतात.

विषयाचं नाव आयोजकांनी ठरवलंय, ते तुला बदलता येणार नाही. पण पहिल्याच मिनिटाला 'वादग्रस्त' या शब्दाला हरकत घेऊन सुरुवात केलीस तर जेवून आलेले परीक्षक निदान जागे होतील.