नातेवाईक म्हणाले ‘दुसरी नर्स पाठवा’, तर?

खासगी इस्पितळांत काम करणाऱ्या सिस्टर्स माझ्याकडे येतात तेव्हा एक काळजी वारंवार बोलून दाखवतात. सोबतच्या परप्रांतातल्या मुलीचा डोळ्यांदेखत अपमान होतो. मध्ये पडलं तर आपली नोकरी जाईल का? त्यातलीच एक हकीकत, ओळख पटणार नाही अशा बेताने तपशील बदलून सांगते.

बाई मूळच्या दोडामार्गच्या, लग्नानंतर म्हापशात स्थायिक. वॉर्डच्या इन्चार्ज. झोप नाही, छातीत धडधडतं म्हणून आल्या. ईसीजी नॉर्मल होता. दुसऱ्या भेटीत खरं कारण निघालं. त्यांच्या वॉर्डात नागालँडची एक तरुण नर्स आहे. सलाइन लावायला तिच्याइतका हलका हात कोणाचा नाही. एका आजोबांच्या मुलाने तिला दारातच अडवलं, “ही चिंकी नको, आपली कोणीतरी पाठवा.” बाईंनी अवाक्षर न काढता ड्युटी बदलली.

“भांडण टळलं ना, मॅडम,” त्या म्हणाल्या. “आणि मी गोव्यात नवी होते तेव्हा मलाही घाटी म्हणायचेच की. मी गिळलं. तिनेही थोडं सोसावं.”

इथे आम्ही बराच वेळ थांबलो. तुम्हाला घाटी म्हटलं तेव्हा शेजारी कोण होतं, असं मी विचारलं. म्हणणाऱ्या बाईचा चेहरा त्यांना धड आठवेना. आठवली ती त्यांची सीनियर, सगळं ऐकूनही फाइल चाळत राहिलेली. इतक्या वर्षांनी तिचं नाव घेताना त्यांचा आवाज कापला. मग त्या स्वतःच म्हणाल्या, “म्हणजे आता मी तिच्या जागी.”

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. नातेवाईक डिस्चार्ज घेऊन निघून जातो. इन्चार्ज मात्र रोज समोर असते, आणि तिने गुपचूप ड्युटी बदलली की त्या मुलीला कळतं: इस्पितळाने त्याचं म्हणणं मान्य केलं.

म्हणून त्या जागी काय बोलायचं ते आम्ही मोठ्याने म्हणून बसवलं. “या आमच्या प्रशिक्षित सिस्टर आहेत, तुमच्या वडिलांना याच बघतील. असं बोलणं या वॉर्डात चालत नाही.” बस्स, एवढंच, वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही, उपचार थांबवायचे नाहीत. नंतर त्या मुलीला एकटीला विचारायचं, तुला त्या खोलीत जायचंय का? ठरवेल ती. त्याच शिफ्टमध्ये तारीख, वेळ, नेमके शब्द आणि साक्षीदार लिहून नर्सिंग सुपरिटेंडंटकडे द्यायचं. बाई पेशंटने बाई नर्स मागणं निराळं, भ्रमात असलेल्या म्हाताऱ्या पेशंटचं बडबडणंही निराळं. तिथे हा नियम लावू नये.

नोकरीची भीती खोटी नव्हती, पण आधार आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत रुग्णांच्या जबाबदाऱ्याही आहेत. डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांचा मान राखणं ही त्यांतली एक. त्यावर बोट ठेवून मॅनेजमेंटशी बोलता येतं. अनुसूचित जमातीतल्या व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान झाला तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. ईशान्येकडच्या लोकांवरच्या वांशिक शेरेबाजीबद्दल केंद्रीय गृहखात्याने 2012 मध्ये राज्यांना तसं कळवलंही होतं. अशा अत्याचारांच्या तक्रारींसाठी 14566 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मात्र पोलिसांत जायचं की नाही, हे त्या मुलीनेच ठरवायचं. तिच्या वतीने आपण शूर व्हायचं नाही.

अवघड भाग पुढेच होता. वॉर्डातले सगळे तिला लाडाने ‘मोमो’ म्हणायचे, बाईसुद्धा. तिला ते आवडतं का, हे कोणी विचारलंच नव्हतं. बाईंनी विचारलं. तिने मान हलवून नाही म्हटलं आणि आपलं नाव कसं उच्चारायचं ते दोनदा सांगितलं.

आता सिस्टर्स तिला नावाने हाक मारतात. एक सीनियर डॉक्टर राउंडला अजून ‘मोमो’ म्हणतात, आणि त्यांच्यासमोर बाईंची छाती पुन्हा धडधडते. पुढच्या भेटीत आम्ही त्याच संभाषणाची तयारी करणार आहोत.