वय ४७. ३५० सीसीची नवी बाईक घेतोय. या वयात इन्शुरन्स महाग पडतो का? नुसता थर्ड पार्टी चालेल का?

नाही पडत. आपल्याकडे दुचाकीचा प्रीमियम गाडी बघून ठरतो, मालकाचं वय बघून नाही. "पन्नाशी जवळ आली, लोडिंग (जादा प्रीमियम) लागेल" असं कोणी सांगत असेल, तर ती ओळ कोटेशनवर दाखवायला सांगा.

ठासून सांगतोय, कारण मला हेच ऐकवलं होतं. पन्नाशी उलटल्यावर मी ३५० घेतली. मुलं मार्गाला लागली होती, होम लोन फिटत आलं होतं. शोरूममधल्या इन्शुरन्सच्या टेबलावर बसलेल्या मुलाने आधारवरची जन्मतारीख पाहिली आणि म्हणाला, "सर, तुमच्या वयाला जरा जास्त बसतं." सोबत आलेल्या मेहुण्यांना तेवढंच हवं होतं. "बघा भाऊजी, मी सांगत नव्हतो? या वयात कंपन्यासुद्धा घाबरतात."

मी कोटेशन हातात घेतलं आणि तिथेच बसून एकेक ओळ वाचली. पाच वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचं कव्हर: ७,३६५ रुपये. हा १ जून २०२२ पासून लागू झालेला सरकारी दर. १५० ते ३५० सीसीच्या नव्या दुचाकीला तेवढाच, मालक विशीतला असो की साठीतला. त्याखाली ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचं कव्हर; त्यात आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), सीसी आणि झोन (गाडी कुठे नोंदवली ते) यांचा हिशोब. मग न विचारता घातलेली यादी: झीरो डेप (पार्टचा घसारा न कापता क्लेम), इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी चोरीला गेली तर बिलाची रक्कम), चावी हरवली तर त्याचंही कव्हर. आणि एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट, त्यासमोर शून्य. वयाचा रकाना कुठेच नाही.

माझ्या जुन्या स्कूटरवर पूर्ण ५० टक्के एनसीबी साठला होता आणि ती विकताना मी कंपनीकडून एनसीबीचं सर्टिफिकेट मागून घेतलं होतं. ते पुढे केलं तर मुलगा म्हणे, "तो जुन्या गाडीचा होता, सर." साफ खोटं. एनसीबी गाडीचा नसतोच, मालकाचा असतो. दुचाकीचा दुचाकीवर तीन वर्षांच्या आत लावून घेता येतो. मी पॉलिसी बाहेरून काढली. शोरूममधूनच घ्यायची सक्ती कोणी करू शकत नाही. झीरो डेप ठेवलं, बाकीचं काढलं, ओन डॅमेज निम्म्यावर आला. विशीतल्या पोराकडे हा ५० टक्के सहसा नसतो, कारण तो मिळवायला सलग पाच वर्षं क्लेम न घेता गाडी चालवावी लागते. म्हणजे वयाने आपल्याला स्वस्तच पडतं. मेहुणे आजही हे मान्य करत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या स्कूटरची पॉलिसी संपून ९० दिवस कधीच उलटले आणि त्यांचा एनसीबी गेला, पण तो विषय त्यांच्या घरी काढायचा नाही.

वयाची ही भीती बहुतेक परदेशी व्हिडिओंमधून येते. तिकडे वय खरंच धरतात, पण तिथेही जास्त पैसे तरुणांना मोजावे लागतात.

थर्ड पार्टीचं म्हणाल, तर मागे बायको बसणार असेल तर नुसता थर्ड पार्टी अजिबात घेऊ नका. त्यात मागे बसणारा धरलेला नसतो. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्येच हे स्पष्ट केलंय. या वयात आपण एकटे कमी आणि जोडीने जास्त फिरतो, मग वाचवायचं कुठे याचा विचार करा. मालकाच्या स्वतःच्या अपघाताचं १५ लाखांचं पीए कव्हर मात्र आधीच दुसरीकडे असेल तर पुन्हा घ्यायची गरज नाही.

एक राहिलं. ओन डॅमेजचा दर २००७ पासून प्रत्येक कंपनी आपापला ठरवते, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारा; माझा आकडा तुम्हाला लागू पडेलच असं नाही. आणि ३५० च्या वरची गाडी मनात असेल तर त्याच पाच वर्षांच्या थर्ड पार्टीचे १५,११७ होतात.

वय आडवं येतं ते लायसन्सला. चाळिशीनंतर रिन्यूअलला डॉक्टरचं १-ए (मेडिकल सर्टिफिकेट) लागतं, आणि लोक त्या कंटाळ्याने तारीख उलटू देतात. लायसन्स संपलेलं असताना अपघात झाला की क्लेम तिथेच अडकतो. बुकिंगचे पैसे भरण्याआधी तुमच्या लायसन्सची तारीख बघा. मेहुण्यांना मी हे दोनदा सांगितलंय.